आजीकडे

नळाने आधी घसा खाकरला. मग कोरडी हवा सोडत तो दोन-तीनदा फुरफुरला आणि नऊ दिवस मुकी बसलेली मोरी एकदम बोलू लागली. पाण्याची पहिली तांबूस पिचकारी बादलीच्या तळावर आदळली.

चैतालीने खांद्यावरची पिशवी दाराशी ठेवली. कुलूप हातातच होतं. ते तिने खिडकीत ठेवलं, साडीचा काठ कमरेला खोचला आणि चपला काढून ती मोरीत शिरली. पाणी यायचं तर आजच, आणि तेही ती उंबऱ्यावर असताना. पण सोडून जाणंही शक्य नव्हतं. आज रात्रीपासून या खोलीत दोन माणसं राहणार होती, आणि त्यातलं एक माणूस जळकोटला बोअरच्या पाण्यात मनसोक्त डुंबणारं होतं.

तांबडं पाणी तिने ओतून दिलं. दुसरी बादली स्वच्छ आली. ती भरेपर्यंत ती मोरीच्या दारात उभी राहून खोलीकडे बघत राहिली. धाराशिवच्या बसस्थानकामागची एकच खोली, पण आठवडाभरात तिच्यात बरंच काही आलं होतं. दुसरी उशी आली होती. झाकणाचा छोटा डबा आला होता. भिंतीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, दप्तर अडकवायला एक खिळा आला होता. तो कुठे ठोकायचा याच्यावर तिचा अख्खा रविवार गेला होता. लेकीचा हात नेमका किती वर पोचतो हे तिला सांगता येईना. शेवटी तिने जळकोटच्या अंगणवाडीची एप्रिलची यादी उघडली. जिल्ह्याच्या बालविकास कार्यालयात गावोगावच्या अशा याद्या तिच्याच हाताखालून पुढे जात. 'बाहेरगावची मुले' अशा तक्त्यात तिसऱ्या ओळीवर सुमेधा होती. उंची एकशे सहा सेंटीमीटर. चैतालीने टेपने भिंतीवर एकशे सहा मोजले, पेन्सिलने रेघ ओढली, आणि बराच वेळ त्या रेघेसमोर ती बसून राहिली.

फोन वाजला तेव्हा तिसरी बादली लागली होती.

"मॅडम, घरीच आहात ना?" रणधीर सरांनी विचारलं. "लॅपटॉप असेल जवळ."

"सर, मी निघालेय. सव्वाची उमरगा गाडी आहे. मुलीला आणायचंय आज."

"हो हो, जा की. दहा मिनिटांचं काम आहे."

रणधीर सरांची दहा मिनिटं सुरू झाली की संध्याकाळच्या चहापर्यंत पुरतात, असं कार्यालयात सगळेच म्हणत. मागचे दोन शनिवार त्यातच गेले होते. चैतालीने भरलेली बादली बाजूला सरकवली. नळ बोलत राहिला.

"दोन वाजता वरची बैठक आहे," सर म्हणाले. "आपल्या त्या अंगणवाड्यांच्या फाइलमध्ये शेवटचा कॉलम आहे ना, त्यात तुम्ही काय काय लिहून ठेवलंय हो? 'ऊसतोडीला', 'मामाकडं', 'वीटभट्टीवर'. एका ठिकाणी तर 'आई रुसून माहेरी, तिच्यासोबत' असं आहे." सर हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "वाचायला बरं वाटतं. पण मोजता येत नाही ना. मोजायचं तर सगळ्यांना एकाच नावानं हाक मारावी लागते. एक शब्द करून टाका. 'स्थलांतरित'."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एक वाजेपर्यंत पाठवा, मग निवांत जा लेकीकडं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला दहा कमी.

निवांत जायचा दिवस नव्हताच आजचा. बुधवारी सासूने, बनाबाईंनी, फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, "ह्या शनिवारी आलीस तर लेक घिऊन जा. न्हाय आलीस तर सोमवारी म्या तिचं नाव हितल्याच शाळंत घालते. पोरगी दप्तर पाठीला लावून दारात बसतीय. म्या किती दिस सांगू, येतीय येतीय म्हणून?" चैतालीने धाराशिवच्या शाळेत बोलून ठेवलं होतं, मुलीला घेऊन या म्हणाले होते. पण जळकोटच्या शाळेत एकदा नाव पडलं की पडलं. मग पहिली तिथं, दुसरी तिथं, आणि पुढे कधीतरी मूलच म्हणेल की आता कशाला.

असं व्हायचं ठरलं नव्हतं. सुमेधा तीन वर्षांची झाली तेव्हा ही नोकरी लागली. नवरा, अमरदीप, चाकणला कंपनीत, पाळ्या बदलत्या, गावी येणं महिन्यातून एकदा. मूल सांभाळायला कोण? "तीन महिनं ऱ्हाऊ दे माझ्याजवळ," बनाबाई म्हणाल्या होत्या. "तवर तुझं बस्तान बसंल." त्या तीन महिन्यांना आता पावणेतीन वर्षं होत आली होती. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी चैताली जाई, रविवारी परत येई. गेल्या महिन्यात तेही झालं नाही.

तिने पिंप भरून घेतलं, नळाखाली शेवटची कळशी लावली आणि लॅपटॉप उघडला.

फाइल उघडायला वेळ लागत असे. शहरातल्या आणि आसपासच्या अडतीस अंगणवाड्या, अडतीस पानं. प्रत्येक पानावर मुलांची नावं, आयांची नावं, जन्मतारखा, आणि शेवटच्या कॉलममध्ये त्या महिन्याचं वजन. वजन हाताने भरायचं नव्हतं. तिथं फॉर्म्युला होता. तो मुलाचं नाव त्या महिन्याच्या मोजणीच्या यादीत जाऊन शोधी. सापडलं तर वजन दाखवी. नाही सापडलं तर फॉर्म्युल्याच्या शेपटाला, अवतरणचिन्हांत, जो शब्द लिहिलेला असेल तो दाखवी.

सुरुवातीला त्या शेपटाला शब्दच नव्हता. मूल सापडलं नाही की चौकोन रिकामा. मग एकदा बैठकीत, येरमाळ्याकडून बदलून आलेल्या एक वयस्क अंगणवाडीताई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं होतं. "असं रिकामं नका ठिवू, मॅडम. रिकामं बघितलं की लेकरू गेलं का काय वाटतंय. लेकरू हाय. फकस्त हितं न्हाय."

तेव्हापासून चैताली शब्द लिहू लागली. ताई फोनवर सांगत, ती लिही. कोण ऊसतोडीला गेलं, कोण पुण्याला बापासोबत, कोण वीटभट्टीवर. ज्या ताईच्या तोंडी जसा आला तसा शब्द. फॉर्म्युल्याच्या आत शिरून अवतरणचिन्हांच्या मधे तो ठेवायचा, जपून, कंस न तुटू देता. एखादं मूल परत आलं, तराजूवर बसलं, की शब्द आपोआप मागे सरे आणि तिथं आकडा दिसे. अकरा किलो दोनशे. बारा किलो. असा आकडा दिसला की चैतालीला उगीचच बरं वाटे.

आणि त्या सगळ्या शब्दांतला पहिला शब्द तिने कुणाच्या फोनवरून लिहिलेला नव्हता. तिच्या स्वतःच्या वॉर्डाच्या पानावर, चौदाव्या ओळीत, सुमेधा अमरदीप. ताईंच्या त्या बोलण्यानंतर, जळकोटहून पुन्हा एकटीच परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, डबा न खाता तिने तो लिहिला होता. 'आजीकडे.'

आता एकेका चौकोनात शिरून शब्द बदलायचे म्हटलं तर दिवेलागण झाली असती. पण युक्ती होती. शोधून बदलायच्या खिडकीत स्टार टाकला की त्याचा अर्थ होतो, इथं काहीही असो. एक अक्षर असो, दहा असोत, आख्खं वाक्य असो, सगळं चालतं. प्रश्नचिन्ह टाकलं तर एकाच अक्षरापुरतं. स्टारला मात्र ती मर्यादा नाही. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवावं लागतं. अलीकडे स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह, पलीकडे अवतरणचिन्ह आणि कंस, आणि मधे स्टार. मग तो फॉर्म्युल्याच्या शेपटापुरताच चरतो. दावं बांधायचं राहिलं तर मोकळ्या वासरासारखा सगळं रान खाऊन मोकळा होतो.

खालच्या चौकटीत तिने नवा शब्द लिहिला, स्वल्पविराम आणि कंसासकट. वरच्या चौकटीत आधी नुसता स्टार टाकला. आता त्याच्या अलीकडे जाऊन अवतरणचिन्ह द्यायचं, एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'जळकोट' असं नाव होतं. तिने फोन खांदा आणि कानात धरला.

"आई, तू निघालीस का?"

"निघालेच बघ, बाळा. एवढं एक काम..."

पलीकडून सुमेधा म्हणाली, "मागल्या बारीला बी एवढं एकच काम होतं."

मागून बनाबाईंचा आवाज आला, "इचार, गाडीत बसलीय का म्हणावं. का अजून घरातच हाय."

"गाडी सव्वाला आहे, सुमे. आणि नळाला पाणी आलंय. तुझ्यासाठी सगळं भरून ठेवलंय मी."

"आमच्या घरी रोजच येतंय पाणी," सुमेधा म्हणाली. "आई, आमच्या घरी मांजर व्यालीय. तीन पिल्लं हायती. एकाचं डोळं उघडलं न्हायती अजून. तू आमच्या घरी आलीस की दावते."

आमच्या. आपल्या नव्हे, आमच्या. पोरीच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. शेजारणीला सांगावं तसं ती आईला सांगत होती. चैतालीने 'हो' म्हटलं. काहीतरी करायला हवं म्हणून बोट हललं, आणि 'सगळे बदला' या बटणावर पडलं.

यंत्राने क्षणभर विचार केला. मग इतके हजार बदल झाले असं विनातक्रार सांगितलं.

पडदा एकाच शब्दाने भरून गेला होता. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, कंस, सगळ्यासकट: ,"स्थलांतरित") ,"स्थलांतरित") ,"स्थलांतरित"). मुलांची नावं गेली होती. आयांची नावं गेली होती. जन्मतारखा, वजनं, अंगणवाडीचं नावसुद्धा. तिने दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तेच. तिने आपल्या वॉर्डाच्या पानावर जाऊन चौदावी ओळ शोधली. ती तेराव्या आणि पंधराव्या ओळीसारखीच होती.

"आई? बोल की."

"ठेव, बाळा. येतेच."

"म्हंजी कवा?"

"ठेव, राणी."

फोन तिने पालथा ठेवला. तळहात ओले झाले होते, नळाच्या पाण्याने की कशाने. मग फाइल बंद केली. बदल जतन करायचे का, असं यंत्राने विचारलं. तिने 'नाही' हा शब्द दोनदा वाचला, मगच दाबला. फाइल पुन्हा उघडेपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. पहिलं पान आलं. एकेक मूल आपापल्या जागी परतलेलं होतं, आपापल्या आईच्या नावाशेजारी. तिने ओठ घट्ट मिटले आणि फोन पिशवीत टाकून चेन ओढली.

या वेळी सावकाश. स्वल्पविराम. अवतरणचिन्ह. स्टार. अवतरणचिन्ह. कंस. बदलण्याआधी तिने नुसतं 'सगळे शोधा' केलं. खिडकीखाली लांब यादी उघडली. चारशे बारा.

वेळ नव्हता. तरीही तिने ती यादी खालपर्यंत सरकवली. शेवटचं बघून घ्यावं तसं. ऊसतोडीला. ऊसतोडीला, कर्नाटकात. मामाकडं, नळदुर्ग. थोरल्या बहिणीजवळ. बाप नेतो म्हणाला, पत्ता नाही. वीटभट्टीवर. आई दवाखान्यात, म्हणून आत्याकडं. पुण्याला. आई रुसून माहेरी, तिच्यासोबत. त्या बाईचा राग अजून उतरला नव्हता वाटतं. सात महिने झाले होते.

आणि मधे कुठेतरी 'आजीकडे'. असे 'आजीकडे' आणखी बरेच होते. पण आपलं तिला बरोबर ओळखू आलं.

तेवढं एक वगळता आलं असतं. एकेक करत पुढे जायचं आणि चौदाव्या ओळीवर पोचल्यावर नुसतं 'पुढचे' म्हणायचं. कुणाला कळलं नसतं. पण मोजणीत एक मूल कमी भरलं असतं, सरांनी फोन केला असता, आणि ती गाडीत असती. शिवाय सोमवारी ती सुमेधाला वॉर्डातल्या अंगणवाडीत नेणारच होती, तराजूवर बसवणार होती. एकदा वजन आलं की चौकोनात आकडा दिसेल. मागे कोणता शब्द आहे, कोण बघतो?

तिने बटण दाबलं. चारशे बारा बदल झाले.

नवी फाइल सरांना गेली तेव्हा एकला पाच कमी होते. जुनी तिने पुसली नाही. तिला नवं नाव द्यायला वेळ नव्हता, म्हणून नावापुढे नुसता 'जुनी' असा शब्द लावून ती एका बाजूला ठेवली. सरांचं उत्तर लगेच आलं, उंच केलेला अंगठा आणि 'निवांत जा'. कळशी केव्हाच वाहून मोरीभर पाणी झालं होतं.

सव्वाची गाडी तिला धावत पकडावी लागली. तुळजापूरपर्यंत उभ्यानेच. तिथं देवीला आलेली मंडळी उतरली आणि खिडकीची जागा मिळाली. जूनचं ऊन काळ्या, नांगरलेल्या रानांवर थरथरत होतं. नळदुर्ग गेलं, मालट्रकांनी वेढलेले ढाबे गेले. तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. फोन सोडला तर ती रिकामी होती. कपडे घालून आणायला घेतली होती.

बनाबाई दारातच बसल्या होत्या. शेजारी सुमेधा. पाठीला दप्तर, दोन वेण्या, तेल कपाळापर्यंत ओघळलेलं.

"आलीस व्हय?" बनाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मला वाटलं, आज तिकडं दुसऱ्या कुठल्या नळाला पाणी आलं असंल."

"आले, आत्या," चैताली हसली. चपला काढायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली.

सुमेधा उठली, पण कुशीत शिरली नाही. आधी तिने आईचा हात धरून तिला घरामागच्या कुडाच्या आडोशाला नेलं. पोत्यावर मांजर निजलेलं होतं आणि त्याच्या पोटाशी तीन गोळे वळवळत होते. "त्ये काळं हाय ना, त्येचं डोळं," सुमेधा कुजबुजली. "आजी म्हणती, उद्या उघडत्याल." चैतालीने वाकून पिल्लाकडे पाहिलं आणि अंदाजाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली. हात थोडा आधीच टेकला. पोरगी वाढली होती. भिंतीतला खिळा आता तिच्यासाठी बोटभर खालीच ठरणार होता.

आत बनाबाईंनी कपडे काढून ठेवले होते. चार परकर-पोलकी, दोन फ्रॉक, शाळेला म्हणून जपलेला एक. भिंतीवरच्या, हार घातलेल्या सासऱ्यांच्या तसबिरीखाली बसून त्या घड्या घालत होत्या.

"दूध कोमट दी. साय दिसली की पीत न्हाय, दाखवायचीच न्हाय साय. झोपल्यावर अंगावर पाय टाकती, त्याला रागवू नगंस. पाय खाली काढून ठिवला की पुन्हा टाकती. म्हंजी टाकूच द्यावं." त्यांनी जपलेल्या फ्रॉकची घडी केली, मोडली, पुन्हा घातली. "भाकरी मोडून, कालवून दिली तरच खाती. कडक भाकरी नगं, हिरड्याला लागती म्हणती, दात पडायलाय एक. पडला की पत्र्यावर टाकायचा हाय, तिला सांगितलंय म्या. तिकडं पत्रा हाय का?"

"स्लॅब आहे, आत्या."

"मग कुठं टाकाल?"

बनाबाईंनी त्याच फ्रॉकची तिसऱ्यांदा घडी घातली.

"तुम्हीच चला ना, आत्या. चार दिवस राहा. तिला बरं वाटेल."

"आन् शेरडं कोण बघंल? तुझा सासरा वरनं हाका मारून चारंल व्हय त्यास्नी?" बनाबाई हसल्या, आणि मग हसणं पुरं व्हायच्या आतच गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "दोन तास ह्ये गुडघं यष्टीत बसू देत्यात का? मला बी जरा निवांत होऊ दे. तीन वरीस झाली, दुपारची झोप म्हंजी काय ती इसरले म्या."

तीन नव्हेत, पावणेतीन, असं चैतालीच्या ओठांवर आलं होतं. बनाबाईंनी पुढे केलेला शेंगाच्या चटणीचा डबा तिने पिशवीच्या तळाशी ठेवला.

फाट्यावर जायला निघाले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. सुमेधा मधे, तिचा एक हात आजीच्या हातात, एक आईच्या. बनाबाई हळू चालत होत्या म्हणून तिघीही हळू चालत होत्या. महामार्गावर मालट्रक भिरभिरत जात आणि प्रत्येक वेळी बनाबाई पोरीला रस्त्याच्या आतल्या बाजूला ओढत. चहाच्या टपरीवरच्या व्यंकटने हाक मारली, "काय बनाबाई, नातीला धाडायलाव व्हय शिकायला?"

"व्हय. कलेक्टर करती म्हणती तिची आई," बनाबाई म्हणाल्या. "तवर तुझ्या टपरीचं लायसन काढून ठिव."

गाडी आली. चैतालीने सुमेधाला खिडकीशी बसवलं, पिशवी पायाशी ठेवली. बनाबाई खाली खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. पदराने त्यांनी पोरीच्या कपाळावर ओघळलेलं तेल पुसलं, आणि पदर तसाच मुठीत धरून ठेवला.

"आईला तरास दिऊ नगंस."

"न्हाय."

"आन् पिल्लाचं डोळं उघडलं की म्या फोन करते."

कंडक्टरने दोरी ओढली. घंटी वाजली. बनाबाईंनी गज सोडला, पण गाडीबरोबर चार पावलं चालल्या, आणि मग गुडघ्यावर हात टेकून थांबल्या. त्यांनी हात हलवला नाही. सुमेधा सीटवर गुडघे टेकून मागे बघत राहिली. फाटा दिसेनासा झाला, व्यंकटच्या टपरीवरचा निळा मेणकागद दिसेनासा झाला, तरी ती बघतच होती.

चैतालीने तिच्या पाठीवरचं दप्तर सोडवलं आणि आपल्या मांडीवर घेतलं. इतक्या दिवसांनी तिच्या कुशीला लेकीच्या अंगाची ऊब लागत होती, खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. तिने डोळे मिटून घेतले. हेच हवं होतं तिला, एवढंच हवं होतं. गाडीच्या हेलकाव्याबरोबर पोरीचं डोकं तिच्या दंडावर टेकत होतं आणि दूर होत होतं.

नळदुर्गच्या अलीकडे सुमेधा सरळ बसली. उजव्या हाताचा अंगठा तिने एकेका पेरावर ठेवला. सोमवार, मंगळवार, बुधवार. शुक्रवारपाशी ती अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

"काय मोजतेस, सुमे?"

"थांब की."

तिने मोजून पुरं केलं. मग त्या पेरावर अंगठा तसाच दाबून धरत तिने आईकडे बघितलं.

"आई, तू तिकडं ऱ्हात व्हतीस, तवा तू शनिवारी येत व्हतीस. आता आजी ऱ्हायली हिकडं. मग आजी कोणत्या शनिवारी येणार?"